मागणं

डोळे उघडले तेव्हा देवदत्तच्या लक्षात आलं, की सगळं चर्च आपल्याकडे बघतंय आणि आपण अजून एक शब्दही बोललेलो नाही. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला होता. पेटीवर बसलेल्या मास्तरांनी मान खाली घातली होती. वर पंखा कुरकुरत होता आणि उघड्या खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा उग्र, गोडसर वास आत येत होता. शेवटी साळवे पाळकांनीच घसा साफ केला, 'हे आकाशातल्या बापा, आमच्या भावाचं मन तू जाणतोस,' अशी सुरुवात करून त्याची राहिलेली प्रार्थना पुरी केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि देवदत्त आपल्या जागेवर जाऊन बसला. शेजारच्या माणसानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हाताचं त्याला फार ओझं झालं.

रत्नागिरीतली ही मंडळी म्हणजे मूठभर घरं. बहुतेक नगरकडची, कुणी नोकरीपायी आलेली, कुणी बदलीवर येऊन इथंच राहिलेली. रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी, अडल्यानडल्यांसाठी मागायचं काम चर्चच्या कारभारी पंचांपैकी एकाकडे असायचं, आणि ते छापील वाचून भागायचं नाही. एकेकाचं नाव घेऊन मागावं लागायचं. कुणाचं नाव राहिलं तर तो उपासना संपल्यावर दारातच गाठायचा, 'काय भाऊ, आमच्या पोराला विसरलात होय?' देवदत्त अमोलिकनं हे काम वर्षानुवर्षं केलं होतं. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेलं, ट्रंक कॉलवर ओरडून ओरडून आवाज कमावलेला. त्याची प्रार्थना बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाते, असं मंडळी थट्टेनं म्हणायची. आज तर त्याला पहिलंच नाव वासंतीचं घ्यायचं होतं. त्याच्या बायकोचं. मिरजेच्या डॉक्टरांनी, आता घरीच ठेवा आणि मागतील ते खाऊ घाला, असं सांगून तिला परत पाठवलं होतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. बायको अंथरुणाला खिळलेली, नवरा तिच्यासाठी मागायला उभा राहतो, डोळे मिटतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. लोकांनी दुसरं काय समजावं? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते याचं. बोलण्याआधी त्यानं सवयीनं एक श्वास घेतला होता, सावकाश, थेट पोटापर्यंत, आणि त्याहूनही सावकाश सोडला होता. पुढचा श्वास आपणहून तसाच आला. जिभेवर आलेलं वासंतीचं नाव हळूच मागे सरकलं, त्याच्या मागोमाग औषधपाण्याच्या रोजच्या काळज्या गेल्या, पाळक गेले, पंखा गेला, आणि तो एका अशा जागी जाऊन उभा राहिला जिथं कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. दुःखानं त्याचा गळा दाटला नव्हता. त्याला बरं वाटत होतं.

दारात लोकांचे हात हातात घेत, माना हलवत तो कसाबसा बाहेर पडला आणि परटवण्याच्या उताराला लागला. ऊन आताच चढायला लागलं होतं. रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून धग येत होती. दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच दिवसांत त्याची छाती भरून यायची. नगरच्या कोरड्या हवेत वाढलेला माणूस, इथल्या दमट हवेनं आणि मोहोरानं त्याला पार आडवा करून टाकलं होतं. पहाटे उशीला टेकून बसायचं, एकेक श्वास ओढून आणायचा. वासंती पाठीमागे बसून पाठ चोळायची आणि पुटपुटत राहायची, प्रभू, याची छाती मोकळी कर, प्रभू, याची छाती मोकळी कर. तिचा तो जप ऐकताना त्याला कधीकधी चीड यायची, कारण छाती मोकळी व्हायची नाही. मग ऑफिसातल्या कुणीतरी करमरकर सरांचं नाव सांगितलं. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून योगासनं शिकवायचे, शिकवण्याचं काही घ्यायचे नाहीत. देवदत्त पहिल्या दिवशी दारातच घुटमळला होता. आत सगळे मिळून ओंकार म्हणत होते. संपेपर्यंत तो बाहेर चपलांपाशी उभा राहिला आणि मग आत जाऊन सरळ सांगून टाकलं, 'सर, मी ख्रिस्ती आहे.' करमरकर सर मिशीत हसले. 'मग काय झालं? दमा काय तुमची जात विचारून आला होता? बसा हो खाली.' ओंकाराचं अवघडलेपण त्यांनीच सोडवलं. 'तुमच्या देवाचं नाव घ्या की. श्वास आत घेताना ये, सोडताना शू. श्वासाची कसली तक्रार नसते.' सूर्यनमस्कार घालताना बाकीचे सूर्याची नावं म्हणायचे, तेव्हा हा नुसता ओठ मिटून वाकायचा. सहा महिन्यांत दम्याचा पंप खिशातून कपाटात गेला. वासंतीनं त्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की प्रभूनं माझ्या मालकांची छाती मोकळी केली. देवदत्त खाली बघत बसून राहिला होता. कुणाला श्रेय द्यायचं हा प्रश्न त्यानं तेव्हा टाळला, आणि पुढंही टाळतच आला.

तेव्हा कुजबुज झालीच. पण तेव्हाचे म्हातारे पाळक समंजस होते. शरीरासाठी आहे, करू द्या, म्हणाले. साळवे पाळक नंतर आले. तरुण, शिकलेले, बोलायला मऊ. त्यांनी एकदाच विषय काढला होता. 'भाऊ, दम्यासाठी करता, माझी ना नाही. एवढंच ध्यानात असू द्या, आपला देव ऐकणारा आहे. ऐकणाऱ्यासमोर गप्प बसून कसं चालेल?' देवदत्तला तेव्हा मनातून हसू आलं होतं. या पोराला काय सांगावं, की बडबड थांबल्यावर पलीकडे जे असतं ते किती जवळ असतं? सतरंजीवर पाठ ताठ ठेवून बसल्या बसल्या, ये आणि शू यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, त्याला जे कुणी भेटलं होतं ते चर्चच्या बाकावर इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. तो प्रभूच होता याबद्दल त्याला शंका नव्हती. फक्त तो काही बोलायचा नाही, आणि याला काही बोलावंसं वाटायचं नाही. एकदा त्यानं सरांना विचारलंही होतं, 'सर, तुमच्या योगात ईश्वर आहे ना?' 'आहे तर.' 'मग त्याच्याकडे मागता काय?' सरांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. 'मागायचं कशाला हो? त्याला ना दुःख, ना इच्छा. तो आपल्या जागी स्वस्थ आहे. आपण त्याच्याकडे तोंड करून बसायचं. मागणारा गप्प झाला, की झालं काम.' केवढं हलकं वाटलं होतं तेव्हा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागून मागून तो थकला होता, आणि कुणीतरी येऊन सांगत होतं, की आता मागितलं नाहीस तरी चालेल.

घराच्या फाटकाशी झुबेदा उभी होती, शेजारची. तिचा नवरा कुवेतला. हातात झाकलेलं पातेलं. 'वैनीसाठी कढी आणली हाय, भाऊ. बिनतिखटाची,' ती म्हणाली. 'नमाज झाल्यावर रोज दुवा मागताव आमी तिच्यासाठी. अल्ला बघेल.' त्यानं पातेलं घेतलं, मान हलवली. ही परकी बाई रोज मागते. आतून गोदूबाई ओट्यावर आली. वासंतीचं सगळं करायला ती सकाळपासून असायची. 'दादानू, बायनी पेज नाय घेतली ओ. दोन घोट घेतलान आनि नको म्हनाली. तुमची वाट बघताय कवापासनं.'

वासंती खिडकीकडे तोंड करून पडली होती. नगरच्या त्या धडधाकट, मोठ्यानं हसणाऱ्या बाईचं आता चादरीखाली कुठं काय आहे ते शोधावं लागत होतं. तिनं मान वळवली. दर रविवारी विचारायची तेच विचारलं, पण आज विचारताना डोळे मोठे झालेले दिसले.

'माझं नाव घेतलंत ना हो?'

'घेतलं,' देवदत्त म्हणाला.

'पहिलं?'

'पहिलं.'

तिनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उतरलं ते बघवेना म्हणून तो कढीचं पातेलं ठेवायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. एवढं सोपं होतं खोटं बोलणं. तीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण प्रार्थनेबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. त्यांच्या घरात ती एक जागा राखून ठेवलेली होती.

दुपारभर तो तिच्या पलंगापाशी खुर्चीवर बसून राहिला. ती मधूनमधून झोपत होती. खोटं बोललो ते बोललो, आता तरी खरं करून टाकावं, म्हणून त्यानं डोळे मिटले आणि मनात सुरुवात केली, हे बापा, माझी बायको. पुढं? पुढं बरी कर, म्हणायचं. पण ते म्हणेपर्यंत श्वास लांबला होता, खांदे सैल पडले होते, आणि बरी कर या शब्दांमागे जोर उरला नव्हता. बरी झाली तर बरं, नाही झाली तर तेही आहेच. असं काहीतरी आतून वर येत होतं, शहाणं आणि गुळगुळीत. तो दचकून डोळे उघडायचा. समोर वासंतीचा हात, त्यावर सुयांचे काळेनिळे डाग. त्याला आपल्या शांतपणाची किळस आली. पुन्हा डोळे मिटले तर पुन्हा तेच. इतक्या वर्षांची तालीम. शरीर आता त्याला विचारत नव्हतं. त्याला बापाची आठवण झाली. बाप प्रचारक, सायकलवर गावोगाव हिंडायचा, घरी आला की गोणपाटावर गुडघे टेकून मागायला बसायचा. पाऊस मागायचा, शेळीला दूध मागायचा, हरवलेली छत्री मागायचा. 'तुला दिसत नाही का रे बापा?' असं देवाला दरडावायचा, आणि पोरं आतल्या खोलीत तोंड दाबून हसायची. धाकटी बहीण तापानं फणफणली तेव्हा तो दिवसभर गुडघ्यांवरून उठला नाही. ओरडला, रडला, विनवण्या केल्या. ती गेलीच. तिला पुरून आल्यावर बापानं हातपाय धुतले, तेच गोणपाट अंथरलं आणि मागायला बसला, की आता हिच्या आईला सांभाळ. देवदत्त तेव्हा जाणता होता. दाराशी उभा राहून त्यानं ते पाहिलं आणि त्याला बापाची लाज वाटली. काल ज्यानं तोंडावर नाही म्हटलं, त्याच्याकडे आज पुन्हा हात कसा पसरायचा? आता खुर्चीत बसून त्याला वाटलं, आपण श्वास शिकायला गेलो ते निव्वळ दम्यासाठी नसेल. त्या दाराशी उभ्या राहिलेल्या पोराला तेव्हापासूनच मागायचं नव्हतं. त्याला फक्त चांगलंसं कारण हवं होतं, आणि ते करमरकर सरांनी बिचाऱ्यांनी नकळत दिलं.

दिवस कलल्यावर साळवे पाळक आले. चपला ओट्यावर काढून, केस सारखे करत आत आले, वासंतीच्या पलंगाशी बसले. गोदूबाईनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मुलगा पुण्याहून पुन्हा कधी येणार वगैरे. देवदत्तला एकदम पुढचं दिसलं. काहीतरी बोलून ते अडवावं असं वाटलं, पण काय बोलावं हे सुचण्याआधीच पाळक वासंतीकडे वळून म्हणाले, 'बाई, आज मंडळीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊ तुमच्यासाठी मागायला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघेना. नाव घेता येईना तुमचं. मग मीच ते पुरं केलं. पण खरं सांगू, अशी प्रार्थना मी आजवर ऐकली नाही. प्रभूला शब्द लागत नाहीत.' ते मनापासून बोलत होते. वासंतीनं देवदत्तकडे पाहिलं. तो चहाच्या कपाकडे बघत होता. पाळकांनी प्रार्थना केली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ते गेले.

'रडलात?' वासंतीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट थोडी आशाच होती.

इथं नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिलाही ते चाललं असतं, पाळकांनी आयतं हातात आणून दिलं होतं. पण देवदत्तला एकाएकी फार थकवा आला, खोटं पुढं ओढत नेण्याचंही त्राण राहिलं नाही.

'नाही,' तो म्हणाला. 'रडू नाही आलं.'

'मग काय झालं?'

'डोळे मिटले आणि... शांत झालो. सतरंजीवर बसल्यावर होतो तसा. सगळं विसरलो. तुझं नाव पण.' त्याला वाटलं इथं थांबावं, पण आता थांबता येईना. 'मला बरं वाटत होतं, वासंती.'

बाहेर गोदूबाई अंगणातले वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. वासंती छताकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडे गेलं. पुसायला तिनं हात उचलला नाही.

'तुम्हाला बरं वाटतंय,' ती म्हणाली. 'मला भीती वाटते हो. दिवसभर वाटते. तुम्ही घरात फिरता, माझं सगळं करता, औषध देता, न कंटाळता. सगळे म्हणतात केवढा धीराचा माणूस. आणि मला वाटतं, यांनी मला सोडलं. अजून मी हाय की इथं. आधीच सोडलं.'

'तसं नाही गं.'

'मग कसं?' ती धापा टाकत थांबली, पुन्हा बोलायला लागली. 'मी वाचणार नाही ते मला कळतंय. मी काय खुळी नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी त्याच्याशी भांडायला पाहिजे का नको? आपल्या प्रभूनं नव्हतं का मागितलं, क्रूस टळावा म्हणून, आदल्या रात्री त्या बागेत, पालथा पडून, घाम फुटेस्तोवर? त्याला ठाऊक नव्हतं काय होणार ते? तरी मागितलंच ना? नाही मिळालं. पण तो काही बरं वाटून घेत बसला नाही.'

देवदत्त उठला. पलंगाच्या कडेला फरशीवर गुडघे टेकायला गेला तेव्हा उजवा गुडघा असा काही दुखला, की त्याला पलंगाची पट्टी धरावी लागली. मांडी घालून पाठ ताठ ठेवायला हे शरीर लगेच तयार झालं असतं. गुडघ्यांवर मात्र ते कुठल्या कुठं कलंडत होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. मिटले की काय होतं ते त्याला माहीत होतं. उघड्या डोळ्यांनी, वासंतीच्या पायांवरच्या चादरीकडे बघत तो म्हणाला, 'बापा.' आवाज घोगरा निघाला. 'बापा, ही वासंती. हिला उद्या वाटीभर पेज जाऊ दे.' इतकं बारीक मागणं करताना त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणूनच तो पुढं गेला. 'हिची कंबर दुखते रात्री, ती थांबव. पोराला रजा मिळू दे. हिला झोप दे.' एकेक शब्द जड, गंजलेला, ओढून काढावा लागत होता. 'हिला भीती वाटते. तुला दिसत नाही का, हिला भीती वाटते ते?' आणि आपण कुणाच्या आवाजात बोललो हे कळताच त्यानं पलंगाची पट्टी सोडून दोन्ही हात पुढं पसरले. 'नेऊ नकोस हिला,' तो ओरडला. 'आत्ता नको. मी तयार नाही. मी तुझ्यासमोर गप्प बसत होतो ते मला काही नको होतं म्हणून नव्हे. मला भीती वाटत होती, तू नाही म्हणशील म्हणून. आता म्हण नाही. मी उद्या पुन्हा मागीन. परवा मागीन. नेऊ नकोस हिला, ऐकतोस का, नेऊ नकोस.'

दारात गोदूबाई कपडे छातीशी धरून उभी राहिली होती. त्याला ते दिसलं नाही. श्वास पार विस्कटला होता. आत घ्यायला जावं तर हुंदका आडवा येत होता, सोडायला जावं तर घशात अडकत होता, आणि मग कितीतरी वर्षांनी त्याची छाती वाजायला लागली. ती बारीक शिट्टी वासंतीनं लगेच ओळखली. कोपरावर रेटा देऊन ती कशीबशी कुशीवर वळली आणि तिनं हात त्याच्या पाठीवर ठेवला.

'बास आता. बास झालं,' ती म्हणाली. 'दम लागेल. हळू. तुमच्या सरांनी शिकवलंय तसं करा. श्वास घ्या सावकाश. सोडा.'

त्यानं मान जोरात हलवली. बोलण्याइतकी हवा गोळा व्हायला त्याला वेळ लागला.

'नको,' तो म्हणाला. 'शांत करू नकोस मला.'

वासंतीनं हात काढला नाही. त्यानं चादरीवरूनच तिचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि छाती वाजत असताना, धड न उमटणाऱ्या शब्दांत, तो पुन्हा मागायला लागला.